‘माझ्या बोटांतच गणित नाही’

प्रश्न : ताई, माझी मुलगी नववीत आहे. शाळेत एका संस्थेने बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता चाचणी घेतली. आम्ही साडेचार हजार रुपये भरले, चाळीस पानांचा रंगीत अहवाल आला. त्यात लिहिलंय, गणिती बुद्धी सगळ्यात कमी, चिकाटी मध्यम, विज्ञान शाखा टाळावी. शेवटच्या पानावर ‘जोडीदाराशी जुळवून घेणं अवघड जाईल’ असंही आहे. सासूबाई म्हणतात, पत्रिकेत पंचमात शनी आहे हे गुरुजींनी तेव्हाच सांगितलं होतं. आमचा यंत्रमागाचा धंदा सध्या मंदीत आहे. त्यामुळे हे म्हणतात, जे जमणारच नाही त्याच्या क्लासला पैसे कशाला घालायचे? मुलीने अहवाल वाचून वही मिटली आणि म्हणाली, “आई, माझ्या बोटांतच गणित नाही.” त्यात मी मोबाइलवर मिठाईची परीक्षा पाहिली आणि पाच वर्षांच्या धाकट्यापुढे पेढा ठेवला. थांबलास तर दोन देईन म्हटलं. त्याने मिनिटभरात खाऊन टाकला. रात्रभर झोप नाही. शिक्षण, नोकरी, संसार हे कशावरून ठरतं? आधी कळतं का? संशोधन काय म्हणतं ते नीट सांगा.
— एक आई, इचलकरंजी

ताई,

तुमच्या पत्रातलं मुलीचं ते एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. चौदा वर्षांची मुलगी स्वतःच्या हाताकडे बघून म्हणते, इथे गणित नाही. बाकी सगळं नंतर बोलू. आधी तो अहवाल.

बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात, साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात तयार होतात आणि पुढे जन्मभर तशाच राहतात. डाऊन सिंड्रोमसारख्या काही जन्मजात विकारांत हाताच्या रेषांची ठेवण वेगळी दिसते, हेही खरं. एवढ्या दोन खऱ्या गोष्टींचा आधार घेऊन त्यावर अख्खा इमला उभा केला जातो: मेंदूही त्याच काळात घडतो, म्हणून बोटावरचं चक्र पाहून मेंदूच्या कोणत्या भागात किती बुद्धी आहे ते सांगता येतं. या ‘म्हणून’ला पुरावा नाही. धडधाकट मुलांच्या ठशांवरून त्यांचे गणिताचे गुण, चिकाटी किंवा पुढचा संसार ओळखता येतो, असं कुणीही दाखवून दिलेलं नाही. आपल्याकडच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने, या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीरपणे सांगितलं आहे. तुमचे साडेचार हजार गेले याचं मला वाईट वाटतं. पण त्यापायी मुलीचं गणित जाऊ देऊ नका.

आता सासूबाईंचं. त्यांना नातीची काळजी आहे म्हणून त्या पत्रिका काढतात, तेव्हा त्यांच्याशी भांडू नका. पण एक हकिगत त्यांना जरूर सांगा, कारण ती आपल्या पुण्यातली आहे. २००८ च्या सुमारास डॉ. जयंत नारळीकरांनी पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचा अभ्यास असलेले प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत एक चाचणी घेतली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा करून पत्रिका मांडल्या. ज्योतिषांना आवाहन केलं की प्रत्येकी ४० पत्रिका घ्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते सांगा. ४० पैकी २८ बरोबर आल्या तर यश मानायचं, असं आधीच ठरलं होतं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सर्वांत चांगला निकाल २४ चा होता. सगळ्यांची सरासरी निम्म्याच्याही खाली आली, म्हणजे छापा-काटा केला असता तरी चाललं असतं. ज्योतिषांच्या एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका तपासल्या, त्यांच्या १०२ बरोबर आल्या. इथे तर ‘हुशार की मतिमंद’ एवढा ढळढळीत फरक ओळखायचा होता. तुमच्या मुलीला त्रिकोणमिती जमेल का, हा त्याहून कितीतरी बारीक प्रश्न आहे.

ठसे आणि पत्रिका बाजूला ठेवल्या तरी तुमचा मूळ प्रश्न उरतोच, आणि तो योग्य प्रश्न आहे. खऱ्या संशोधनाला तरी आधी कळतं का? तुमच्या पेढ्यापासूनच सुरुवात करते, कारण ती परीक्षा बोगस नव्हे. ती खऱ्या शास्त्रज्ञाची आहे. मोबाइलवर मात्र तिची अर्धीच गोष्ट फिरते.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीत वॉल्टर मिशेल यांनी साठच्या दशकाच्या अखेरीपासून हे प्रयोग केले. चार-पाच वर्षांच्या मुलापुढे मार्शमेलो नावाची मऊ मिठाई किंवा बिस्किट ठेवायचं. मी येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील, असं सांगून खोलीबाहेर जायचं. मिशेल यांना पाहायचं होतं ते हे की मुलं थांबतात तेव्हा मनाला कसं गुंतवतात. कुणी गाणी म्हणतं, कुणी डोळे झाकतं, कुणी पाठ फिरवतं. पुढे १९९० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की जास्त वेळ थांबलेल्या मुलांना कॉलेज प्रवेशपरीक्षेत जास्त गुण पडले होते. ही बातमी जगभर पसरली. पण त्या गुणांचा हिशोब शंभराहूनही कमी मुलांचा होता, आणि तीही बहुतेक विद्यापीठात शिकवणाऱ्या-शिकणाऱ्यांच्या घरची.

२०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी ९०० हून जास्त, वेगवेगळ्या थरांतल्या मुलांची माहिती घेऊन हेच तपासलं. थांबण्याचा आणि पंधराव्या वर्षीच्या अभ्यासाचा संबंध पहिल्याच्या निम्माच निघाला. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण, लहानपणीची समज या गोष्टी हिशोबात धरल्यावर त्यातलाही दोनतृतीयांश गळून पडला. २०२४ मध्ये अशाच मुलांचं सव्विसाव्या वर्षीचं आयुष्य पाहिलं गेलं. शिक्षण, कमाई, तब्येत, वागणूक यांपैकी कशाचाच भरवशाचा अंदाज त्या परीक्षेवरून बांधता येत नव्हता.

आणि आता जो प्रयोग मला सगळ्यात जवळचा वाटतो, तो. रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड यांनी २८ मुलांना आधी चित्रं काढायला बसवलं. समोर जुने, मोडके खडू. प्रयोग घेणारी ताई म्हणाली, थांब, मी छान नवे खडू आणते. निम्म्या मुलांना ते खरोखर मिळाले. उरलेल्यांना ताई परत येऊन म्हणाली, माफ कर, खडू संपलेत. चिकटचित्रांच्या बाबतीतही तसंच झालं. मग मिठाईची परीक्षा. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली आणि शब्द मोडलेला पाहिलेली ३ मिनिटं. मुलांमध्ये काही फरक नव्हता, कुणाला कुठल्या गटात घालायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं होतं. ज्याला दुसरी मिठाई मिळण्याची खात्री नाही, त्याने हातातली खाऊन टाकली तर ते त्याचं शहाणपणच.

म्हणून धाकट्याबद्दल झोप उडवून घेऊ नका. त्याला भूक लागली असेल, पेढा ताजा असेल, मोठी बहीण दाराशी उभी असेल. एका पेढ्याने, एका मिनिटात, एका मुलाविषयी काहीच सिद्ध होत नाही.

याचा अर्थ असा नव्हे की मनावर ताबा असणं बिनमहत्त्वाचं आहे. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन गावात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास आजही चालू आहे. तिथे मुलं तीन ते अकरा वर्षांची होईपर्यंत पालकांनी, शिक्षकांनी आणि निरीक्षकांनी त्यांच्या वागण्याच्या नोंदी पुन्हा पुन्हा ठेवल्या: मन लागतं का, हातातलं काम तडीस नेतो का, राग आवरतो का. बत्तिसाव्या वर्षी पाहिलं तर ज्यांचा स्वतःवर ताबा जास्त, त्यांची तब्येत, पैशांची घडी, कायद्याशी संबंध हे सगळं सरासरीने बरं होतं. घरची सांपत्तिक स्थिती आणि बुद्ध्यांक धरूनही. मला त्यातली पुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. मधल्या वर्षांत ज्या मुलांचा ताबा सुधारला, त्यांचं पुढचं आयुष्यही अंदाजापेक्षा चांगलं गेलं. म्हणजे लहानपणच्या नोंदीला वजन असलं तरी ती काही कपाळावरची रेघ नव्हे.

अभ्यासातही हेच दिसतं. आठवीच्या मुलांवर अँजेला डकवर्थ आणि मार्टिन सेलिगमन यांनी २००५ मध्ये केलेल्या अभ्यासात वर्षअखेरच्या गुणांचा अंदाज बुद्ध्यांकापेक्षा शिस्तीवरून दुपटीहून चांगला बांधता आला. शिस्तीची मुलं अभ्यासाला लवकर बसत, गृहपाठाला जास्त वेळ देत आणि टीव्ही कमी बघत, असंही दिसलं. सगळ्याच अभ्यासांत इतका मोठा फरक निघत नाही. पण व्यवस्थितपणा आणि नेट लावून काम करणं याला शाळेच्या गुणांत बुद्धीच्या जोडीने स्वतःचं वजन असतं, हे बऱ्याच अभ्यासांच्या एकत्रित हिशोबात टिकलेलं आहे. तुमच्या अहवालाने चिकाटीला ‘मध्यम’ शेरा दिलाय. चिकाटी बोटात मोजत नाहीत. रोज संध्याकाळी साडेसातला वही उघडली का, त्यात ती दिसते, आणि ते तुम्हाला घरबसल्या दिसतं.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. समजा एखाद्या मुलाबद्दल सगळं म्हणजे सगळं माहीत असलं, तर पुढचं सांगता येईल? हे एकदा खरंच करून पाहिलं गेलं. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत २००० च्या आसपास जन्मलेल्या मुलांच्या ४,२४२ कुटुंबांची माहिती संशोधकांकडे होती. जन्मापासून नऊ वर्षांपर्यंत घरी जाऊन, आईवडिलांना, शिक्षकांना विचारून गोळा केलेली, एका कुटुंबामागे जवळजवळ तेरा हजार रकान्यांची. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या मॅथ्यू सॅलगॅनिक आणि सहकाऱ्यांनी ती १६० संशोधक गटांना दिली आणि सांगितलं, पंधराव्या वर्षी या मुलांचे गुण, चिकाटी, घरची ओढाताण, पालकांची नोकरी सुटणं असल्या सहा गोष्टी ओळखा. अनेकांनी संगणकाच्या आधुनिकातल्या आधुनिक पद्धती वापरल्या. निकाल २०२० मध्ये आला. मुलामुलांतल्या फरकाचा रुपया धरला, तर सर्वांत चांगल्या गटाला गुणांच्या बाबतीत वीस पैशांच्या आसपासच हिशोब लागला. चिकाटीच्या बाबतीत पाचेक पैसे. आणि आईचं शिक्षण, नवव्या वर्षी मुलाचं काय चाललं होतं अशा चारच गोष्टी घेऊन केलेला साधा अंदाज या सगळ्या गणितांच्या जवळपास तेवढाच बरोबर होता.

तेरा हजार रकाने आणि १६० गट! आणि तुमच्या हाती दहा बोटांचे ठसे.

मला यातून निराशा वाटत नाही. संशोधन खोटं ठरलं असंही मी म्हणत नाही. हजार मुलांच्या घोळक्याबद्दल ते बरंच काही सांगतं. आईला शिकता आलं की मुलांचं बरं होतं, घरात रोजची ओढाताण असली की अभ्यास मागे पडतो, नेटाने काम करणाऱ्यांचं पुढे बरं चालतं, हे सरासरीने खरं आहे आणि सरकारने, शाळांनी त्याप्रमाणे वागायला हवं. पण घोळक्यातल्या एका मुलीकडे बोट दाखवून ‘हिचं असं होणार’ असं म्हणण्याइतकं ते कधीच पुरं पडत नाही. असं जो छातीठोक सांगतो, त्याच्याकडे संशोधनापेक्षा जास्त काही नसतं, कमीच असतं.

नोकरीचं थोडक्यात सांगते. कामावर कोण चांगलं निघेल हे ओळखायला सर्वसाधारण बुद्धीची चाचणी सगळ्यात उपयोगी, असं अनेक वर्षं मानलं जायचं. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी जुने हिशोब पुन्हा मांडले, तेव्हा त्या चाचणीच्या वाट्याला रुपयातले दहा पैसे आले. सगळ्या उमेदवारांना तेच, कामाशी जोडलेले प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत तिच्यापुढे गेली. राहिलेला मोठा भाग कशावर ठरतो? कुणाच्या हाताखाली शिकतो, कुठल्या गावात राहतो, बाजार कसा आहे. तुमच्या यजमानांना हे मी सांगायला नको. मागावरचा कारागीर तोच, कष्ट तेच, तरी सुताचा भाव बदलला की वर्ष बदलतं.

शेवटच्या पानावरचं ते वाक्य मला सगळ्यात लागलं. चौदा वर्षांच्या मुलीला कुणी आत्ताच सांगून ठेवावं की तुझं जोडीदाराशी पटणार नाही, याला काय म्हणावं! सामंथा जोएल आणि पॉल ईस्टविक यांनी २०२० मध्ये ४३ अभ्यासांतली ११,१९६ जोडप्यांची माहिती एकत्र केली. नातं समाधानाचं आहे की नाही हे ओळखायला माणसाचा स्वभाव, वय, शिक्षण यांपेक्षा नात्यातल्या गोष्टी दुपटीने कामी आल्या: जोडीदार आपला हात सोडणार नाही याची खात्री, आपली कदर होते ही भावना, शारीरिक समाधान, भांडणं किती आणि कशी होतात. जोडीदार स्वतःबद्दल जे सांगतो, त्यावरून आपल्या समाधानाचा हिशोब जेमतेम पाच पैसे. आणि पुढे हे नातं सुधारेल की बिघडेल, ते तर कशावरूनच नीट ओळखता आलं नाही. ती बहुतेक पाश्चात्त्य देशांतली, एकमेकांना निवडून एकत्र आलेली जोडपी होती. आपल्याकडे सासर-माहेर, देणंघेणं, मुलीची कमाई हे सगळं त्यात येऊन पडतं, त्यामुळे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत. पण दोन माणसं एकत्र आल्यावर एकमेकांशी जे वागतात, ते एकटीच्या बोटात आधीच लिहिलेलं असेल कसं? ते पान तेवढं फाडून टाका, तिच्या देखत.

आता काय करायचं ते.

मुलीशी बोलताना ‘तू हुशार आहेस गं’ असं म्हणून पाठ थोपटू नका. तिला ते पटणार नाही, कारण तिच्याकडे चाळीस पानांचा छापील कागद आहे. त्याऐवजी ठशांबद्दल मी वर लिहिलंय ते तिला वाचायला द्या. मुलांना पुरावा कळतो. अमेरिकेत डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १२,००० हून जास्त मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीही नववीतलीच. तासाभराहून कमी वेळात मुलांना समजावून दिलं की बुद्धी ही ठरीव वस्तू नाही, अवघड गोष्टींशी झटताना मेंदूत नवे जोड तयार होतात. मागे पडलेल्या मुलांचे गुण त्याने वाढले. फार नाही, थोडेच वाढले, आणि मला हा थोडेपणा तुमच्यापासून लपवायचा नाही. पुढे असंही दिसलं की गणिताच्या शिक्षकांचा स्वतःचाच तसा विश्वास असला तर तो परिणाम टिकतो. नुसत्या बोलण्याने गणित सुटत नाही. बोलण्याने वही उघडते, पुढचं काम शिकवणाऱ्याचं.

म्हणून तिच्या गणिताच्या बाईंना किंवा सरांना भेटा. अहवाल नेऊ नका, मागच्या दोन उत्तरपत्रिका न्या. प्रश्न एकच विचारा: ही नेमकी कुठल्या पायरीवर अडते? नववीत बीजगणितात अडलेल्या मुलीचं बहुतेक वेळा सहावी-सातवीतलं काहीतरी सैल राहिलेलं असतं. अपूर्णांक, ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी, गुणोत्तर. कंस सोडवताना चिन्ह बदलायचं राहतं आणि पुढचं अख्खं उदाहरण चुकतं. मुलीला वाटतं, मला गणित येत नाही. खरं म्हणजे तिला एक पायरी येत नसते. सहावी-सातवीची जुनी पुस्तकं शेजारीपाजारी मिळतील. रोज अर्धा तास, दोन महिने, एवढंच धरा. त्याला क्लासची फी लागत नाही.

यजमानांना सांगा की विज्ञान की वाणिज्य हे आज ठरवायचं नाही. अकरावीला अजून दोन उन्हाळे आहेत. दहावीनंतरही कल पाहावासा वाटला, तर प्रशिक्षित समुपदेशकाकडून शास्त्रशुद्ध अभिक्षमता चाचणी करून घ्या. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी हे काम अनेक वर्षं करते आहे. तिथेही मुलीला आत्ता काय येतं आणि कशात रस आहे एवढंच सांगतील, पुढे काय होणार ते सांगणार नाहीत. चांगला समुपदेशक यावरूनच ओळखावा. आणि पैशाची अडचण असेल तर तिच्यापुढे मोकळेपणाने तसंच म्हणा: “या वर्षी क्लासला पैसे नाहीत, दुसरा मार्ग काढू.” ते खरं आहे आणि ती ते समजून घेईल. पैशाची अडचण तिच्या बोटांच्या नावावर टाकू नका. बापाने एकदा म्हटलं की तुला जमणार नाही, ते मुलगी पंचवीस वर्षं बरोबर वागवते.

धाकट्यासाठी वेगळं काही करायला नको. फक्त उद्या येतो, आणतो, देतो असं म्हटलं की तसं करा. जमणार नसेल तर आधीच नाही म्हणा.

घटक चाचणी झाली की मला पुन्हा लिहा. किती गुण पडले ते नको. तपासलेली उत्तरपत्रिका तिच्यासोबत बसून वाचा, आणि ती कुठल्या पायरीपर्यंत बरोबर गेली होती, ते तिलाच लिहायला सांगा.